बुद्धीपुरतं पाप

माय,

तुला लिहायला बसले खरी, पण हात माझे मोकळेच आहेत. लिहितेय माझी सून. तू तिला पाहिलेलं नाहीस. ती शाळेत मराठी शिकवते, त्यामुळं मी ‘नाय’ म्हटलं की ती ‘नाही’ लिहिते आणि ‘लई’ म्हटलं की तिचं पेन अडखळतं. करू दे तिला तिचं. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, आणि दोन अडाणी बायांच्या मधे ही शिकलेली बाई हमाली करतेय. हे मी मुद्दाम म्हटलं, तिनं हसावं म्हणून. हसली नाही. हल्ली ती हसत नाही. तुझा नातू गेला, माय. माझा एकुलता एक. तान्हा असताना तुझ्या मांडीवर मुतला होता, तेवढीच तुमची दोघांची ओळख, कारण त्याच वर्षी तू गेलीस. आता तो टक्कल पडलेला, पोट फुगलेला म्हातारा होऊन तुझ्याकडं यायला निघालाय. पोहोचला की नाही, हे विचारायला ही सगळी खटपट. तू त्याला ओळखायची नाहीस. उजव्या कानामागं तीळ बघ.

तुझ्या वेळचं औरंगाबाद आता छत्रपती संभाजीनगर झालं. छावणीतलं आपलं चर्च आहे तिथंच आहे. पोरींचं बोर्डिंग मात्र पाडलं. तुझं चुलाण जिथं होतं तिथं आता पाळकसाहेबांची गाडी उभी असते. दर रविवारी मी त्या गाडीजवळून जाते आणि मला ओल्या लाकडाच्या धुराचा वास येतो. सूनबाई म्हणते, आई, तो डिझेलचा. असेल.

पुढचं सगळं तुझंच आहे, तुला काय सांगायचं. पण सूनबाईला ते नीट ठाऊक नाही, म्हणून सांगते. मी चार-पाच वर्षांची असेन. वडील मी रांगत असतानाच गेले होते. बिडकीनकडच्या आपल्या वस्तीत देवी आल्या. बघ, त्या आजाराचंच नाव देवी. ताप चढला, अंगभर फोड उठले की बाया म्हणायच्या, घरात देवी आल्यात. आता नावच देवी असलेल्या दुखण्यापुढं ख्रिस्ती बाईनं करायचं काय? तुझा बाप्तिस्मा झाला होता. घरातली मरीआई तू आपल्या हातानं उचलून विहिरीत टाकली होतीस. आधी दादा पडला. त्याच्यासाठी तू चर्चनं शिकवल्याप्रमाणं सगळं केलंस. गुडघे टेकलेस, उपास केलास, पाळकसाहेबांना बैलगाडीतून आणलंस. त्यांनी दादाच्या कपाळावर हात ठेवून लांबलचक प्रार्थना केली. दादा गेला. त्याला पुरून तू घरात आलीस, तर मी अंथरुणावर. त्या वेळी तू गुडघे टेकले नाहीस. तू कडुलिंबाचे डहाळे तोडलेस, आपल्याकडं नवसाला नेसतात तसा लुगडं फेडून अंगाला लिंब नेसलीस, मला खांद्यावर टाकलंस आणि भरदिवसा, अख्ख्या वस्तीदेखत, वेशीवरच्या मरीआईला फेऱ्या घातल्यास. शेजारीण ओरडली, “अगं, तू तर येशूची ना?” तू चालता चालताच म्हणालीस, “व्हय, येशूचीच हाय मी. पण पोरगी माझी हाय.”

मी जगले. मरीआईनं वाचवलं, प्रभूनं वाचवलं, की मी मुळातच चिवट, ते मला आजवर कळलेलं नाही. तोंडभर वण तेवढे राहिले. पुढं बघायला येणारे पाहुणे माझ्या तोंडाकडं एकदा बघायचे आणि चहा भराभर संपवायचे. कपबश्या लवकर धुऊन व्हायच्या, एवढाच त्यातला फायदा.

मग आपण छावणीत आलो. तू बोर्डिंगच्या पोरींचा स्वयंपाक करू लागलीस. तुझी बातमी आपल्या आधी येऊन पोहोचली होती. एक दिवस पाळकसाहेब स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “बाई, येत्या प्रभुभोजनाला मंडळीपुढं उभ्या राहा. पश्चात्ताप झाला म्हणा. विषय संपला.” तू काथवटीतले हात काढले नाहीस. विचारलंस, “साहेब, पश्चात्ताप म्हंजी माणसाला नेमकं काय व्हतं?”

“केल्याचं वाईट वाटतं. पुन्हा तशी वेळ आली तरी माणूस ते करत नाही.”

“मग मला झाला नाय.”

“असं बोलू नका, बाई.”

“देवापुढं खोटं बोलू का? ही पोरगी उद्या पडली तर मी उद्या लिंब नेसीन.”

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचा चेहरा पडला. त्यांनी काखेतलं शास्त्र उघडलं आणि उभ्याउभ्या वाचून दाखवलं. अर्थ असा, की सत्य कळल्यावरही माणसानं अमुक तऱ्हेचं पाप केलं, तर त्याच्यासाठी आणखी यज्ञ उरत नाही. ते पाप कोणतं, तो शब्द जड होता. मी दाराआड लसूण सोलत होते. मला ऐकू आलं, बुद्धीपुरतं पाप.

इथं सूनबाईचं पेन थांबलं. मी म्हटलं, लिही. तिनं लिहिलं.

त्या दिवसापासून तू प्रभुभोजन, प्रभूच्या आठवणीचा तो पाव आणि रस, घेतलं नाहीस. कुणी मनाई केली नव्हती, तूच घेतलं नाहीस. पण करायचीस तूच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, तर शनिवारी तू काळ्या मनुका भिजत घालायचीस, उकळून फडक्यातून रस पिळायचीस, पावाचे नखाएवढे तुकडे करायचीस. मंडळीतल्या एकीनं तक्रार केली, “जी घेत नाही तिच्या हातचं आम्ही का घ्यायचं?” साहेब म्हणाले, मग दुसरं कोण करतंय, हात वर करा. एकही हात वर आला नाही. म्हणजे तुझे हात चालत होते, तोंड चालत नव्हतं. रविवारी ताट रांगेतून फिरत यायचं. तुझ्यापाशी आलं की पोरींना वाढावं तसं तू ते शेजारणीपुढं धरायचीस आणि मग हात पुन्हा मांडीवर, एकावर एक. मला त्या हातांची लाज वाटायची. पुढं पुढं राग यायला लागला. ताट तुला ओलांडून गेलं की सगळ्या बाया आधी तुझ्याकडं बघायच्या आणि मग माझ्या तोंडाकडं. इतरांची पापं झाकलेली असायची. तुझं मात्र दोन वेण्या घालून तुझ्याच शेजारी बसलेलं असायचं.

एकदा न राहवून मी तुला म्हटलं. जरा शहाणी झाले होते, म्हणजे तसं मला वाटत होतं. तू भाकरी थापत होतीस. मी म्हटलं, “माय, उगंच जिवाला लावून घेतेस. शास्त्रात बुद्धीपुरतं पाप म्हटलंय. ज्याची जेवढी बुद्धी, तेवढंच त्याचं पाप. तुझी बुद्धी केवढी? ह्या भाकरीएवढी. तेवढ्यासाठी देव काय दार लावून घेईल?” तू थापायची थांबलीस. पिठाचा हात माझ्या गालावरून, वणांवरून फिरवलास. मग काय म्हणालीस, ते तुला आठवत असेल.

तू गेलीस तीही बोर्डिंगच्याच खोलीत. जुने साहेब बदलून गेले होते. नवे होते ते तरुण होते, हळवे होते. पावाचा तुकडा आणि प्याला झाकून घेऊन आले. म्हणाले, “आजी, नुसतं चुकलं म्हणा. बोलवत नसेल तर मान हलवा, मला पुरे.” माझं पोरगं माझ्या मांडीवर होतं. तू माझ्याकडं बघितलंस. आवाज तुझा अगदी खोल गेला होता, पण ऐकू आला. “ती समोर बसलीय. तिच्या तोंडावर कसं म्हणू चुकलं?” साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण प्याला त्यांनी तसाच झाकून परत नेला, आणि संध्याकाळी तू गेलीस. कब्रस्तानात तुला जागा मिळाली ती लिंबाखाली. टोमणा म्हणून कुणी दिली नाही, तेवढीच रिकामी होती. तुझं तारण झालं का, प्रभूनं तुला आत घेतलं का, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

आता तुझ्या नातवाचं. वाळूजकडं एका कंपनीत मशीनवर होता. पुंडलिकनगरात घर घेतलं, मला मोठ्या मानानं तिथं आणलं. आवाज त्याचा भरदार, म्हणून चर्चमध्ये शास्त्रवाचनाला त्यालाच उभं करायचे. आणि प्यायचा. तो तुझ्या अगदी उलटा निघाला. तू एकदाच केलंस आणि कधी पस्तावली नाहीस. तो रोज पस्तावायचा आणि रोज करायचा. सकाळी माझ्या पायाशी बसून रडायचा, “आई, आज नाय. आज खरंच नाय.” दिवेलागणीला माझ्या ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बाटली काढायचा. मी ती पोह्यांच्या डब्यात लपवली, तर तिथून काढली. “नाक आहे की काय आहे रे तुझं,” मी म्हणायचे, आणि दोघं हसायचो. हसायला नको होतं. सूनबाई हसायची नाही, ती तेव्हाही शहाणीच होती. प्रभुभोजनाचं ताट मात्र त्यानं एकदाही सोडलं नाही. हात इतका थरथरायचा की प्याला दातांवर वाजायचा, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायचा. तू खरी, तर ताटाबाहेर. हा रोज शब्द मोडणारा, तर ताटावर. मी तुमच्या मधे बसलेली. दोघांपैकी आत कोणाला घेणार, याचा हिशोब माझ्याच्यानं कधी जमला नाही.

शेवटी दवाखान्यातून घरी पाठवलं. घरी न्या म्हणाले, म्हणजे काय ते आम्ही समजलो. माझी नात पुण्याहून आली, दिवसरात्र बापाचे पाय चेपत राहिली. चर्चला जायची ताकद त्याला उरली नव्हती, म्हणून रविवारची उपासना मोबाईलवर लावायचो. आताचे पाळकसाहेब जोरात बोलतात, माईक नसता तरी चाललं असतं. त्या रविवारी त्यांनी नेमकं तेच वचन घेतलं. कळून केलेल्या पापाला क्षमा गृहीत धरू नका, तारणाची खात्री आहे म्हणून पाप करत राहाल तर फसाल. सूनबाईनं पळत येऊन फोन बंद केला, पण जे जायचं ते कानात गेलं होतं. संध्याकाळी मी शेजारी बसले होते, तर म्हणाला, “आई, आजी आत असंल का गं?”

“असंल की. तिथलंबी स्वयंपाकघर तिच्याकडंच दिलं असंल.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतेय. तिच्याशिवाय मनुका कोण पिळणार?”

“अन् मी?”

डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, माय. लहानपणी दिवा गेला की हा विचारायचा, आई, तू हायस ना? त्याच आवाजात विचारलं. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “मला कळत होतं गं. दर वेळी कळत होतं. न कळता एकदाबी प्यालो नाय.”

मी काय करायचं होतं, सांग. शास्त्र मला वाचता येत नाही. प्रार्थना म्हणावी तर मला दादाचं कपाळ आठवतं. मी म्हटलं, “अरे खुळ्या, शास्त्रात बुद्धीपुरतं पाप म्हटलंय. ज्याची जेवढी बुद्धी तेवढंच पाप धरतात. आता तुझी बुद्धी बघ. दहावीला दोनदा बसलास. कोथिंबीर आण म्हटलं तर आयुष्यभर मेथी आणलीस. तेवढ्या बुद्धीचं पाप ते केवढं असायचं? प्रभूच्या नखावर मावंल.”

“असं हाय शास्त्रात?”

“असंच हाय. मी काय आज ऐकते का?”

“खात्रीनं?”

“खात्रीनं.”

तो हसला. हसताना पोट दुखलं तर पोट धरून हसला. म्हणाला, “व्हय आई, माझी बुद्धी तेवढीच.” आणि भिंतीकडं तोंड करून झोपला. कितीतरी दिवसांनी तळमळला नाही. सूनबाई मोसंबीचा रस घेऊन दारात उभी होती, ती तशीच माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

मातीच्या वेळी पाळकसाहेब देवाच्या दयेवर बोलले, चांगलं बोलले. पण ‘आपला भाऊ आज प्रभूजवळ आहे’ हे जे एक वाक्य ते प्रत्येकासाठी म्हणतात, ते त्याच्यासाठी म्हटलं नाही. मी शेवटपर्यंत कान लावून होते. मग माती पडायला लागली आणि त्या आवाजात काही ऐकू येईना.

पुढच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी चर्चला गेलो. आता रस बाटलीतून येतो, प्याले अंगठ्याएवढे, प्लास्टिकचे. ताट माझ्यापुढं आलं. मी ते पुढं सरकवलं. सूनबाई कुजबुजली, “आई, घ्या ना.”

“गुडघा दुखतोय.”

“घ्यायला गुडघा कशाला लागतो?”

“तुला नाय कळायचं, तू मराठीची.”

एवढं लिहून झाल्यावर आत्ता सूनबाईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, “आई, एक बोलू? तो शब्द ‘बुद्धीपुरतं’ नाही. ‘बुद्धिपुरस्सर’ आहे. म्हणजे जाणूनबुजून. कळत असताना, मुद्दाम.”

मी म्हटलं, “असं व्हय? मग तेव्हा का नाही बोललीस? दारात उभी होतीस ना रस घेऊन?”

ती पेनाचं टोपण काढत-लावत बसली. म्हणाली, “ते हसले होते, आई.” मग टोपण बाजूला ठेवून, “आणि त्यांना माहीत होतं. ते वचन त्यांनीच चर्चमध्ये उभं राहून वाचलंय, मी समोर बसून ऐकलंय. त्यांना तो शब्द पक्का ठाऊक होता.”

हे मात्र माझ्या ध्यानात आलं नव्हतं, माय. मला वाटत होतं, मी लेकराला निजवलं. त्यानं मला निजवलं होतं. मरता मरता आईचं अडाणीपण सांभाळून घेतलं आणि भिंतीकडं तोंड केलं. भिंतीकडं तोंड करून तो काय घेऊन गेला, ते आता तूच बघ. भीती घेऊन आला असेल तर त्याला दारातच थांबवू नकोस, तुझ्या चुलीपाशी घे. तूही बाहेर असशील, तर दोघं मिळून बाहेर बसा. एकट्यानं बसू नका, एवढंच.

हे पत्र कुठं जायचं नाही. घडी करून ज्वारीच्या डब्यात ठेवणार आहे. तिथं आता कुणी हात घालत नाही.

आणि एक राहिलं. त्या दिवशी पिठाचा हात माझ्या गालावर ठेवून तू काय म्हणालीस, ते मी मघाशी गाळलं. तू म्हणालीस, “पुरतं नाय गं बाय, पुरस्सर. म्या साहेबांला मागनं जाऊन इचारून आले. ठाऊक असून केलेलं, त्ये. अन् मला ठाऊक व्हतं.” मग पिठाचा उंडा माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, थाप. म्हणजे मला तो शब्द तेव्हापासून नीट ठाऊक आहे. त्या संध्याकाळी लेकापाशी ‘पुरतं’ माझ्या तोंडातून चुकून गेलं नाही. गुडघाही दुखत नव्हता. ताट समोर आलं तेव्हा मी मनाला एवढंच विचारलं, तो पुन्हा तसाच पडून विचारायला लागला तर काय सांगशील? आणि माझे हात मांडीवरच राहिले, एकावर एक.

सूनबाईच्या पेनाचा आवाज थांबलाय. लिही बाई, लिही. तो शब्द तुला माझ्यापेक्षा चांगला लिहिता येतो.